ब्रेकच्या नळीचा पाझर

मोटारीच्या ब्रेकयंत्रणेत चालकाच्या पायाचा जोर चाकापर्यंत पोचवण्याचे काम द्रवाकडे सोपवलेले असते आणि तो द्रव पूर्णपणे बंदिस्त असेल तोवरच ते काम नीट होते. ब्रेकच्या नळ्या बदलताना होणाऱ्या बहुतेक चुका या साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे होतात. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात मांडलेला नियम या यंत्रणेचा पाया आहे. पेडलवर वीस किलोचा भार दिला, पेडलच्या तरफेने तो चौपट झाला आणि इंजिनाच्या निर्वातावर चालणाऱ्या बूस्टरने तो आणखी चौपट केला, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर सुमारे ३२० किलोचा भार येतो, आणि त्या दट्ट्याचा व्यास २२ मिलिमीटर असेल तर नळ्यांमधला दाब दर चौरस सेंटिमीटरला ८० किलोच्या पुढे जातो. टायरमधल्या हवेच्या दाबाशी तुलना केली, तर हा दाब पस्तीस ते चाळीस पट भरतो. गाडी नुसती उभी असताना कोरडा दिसणारा जोड या दाबाखालीही कोरडाच राहील, असे म्हणूनच गृहीत धरता येत नाही.

द्रवावर चालणाऱ्या ब्रेकचा इतिहास हा बराचसा गळतीशी झालेल्या झगड्याचाच इतिहास आहे. विमाननिर्मितीतून पुढे लॉकहीड या नावाने प्रसिद्ध झालेल्या घराण्यातील माल्कम लॉकहीड याने पहिल्या महायुद्धाच्या काळात अशा ब्रेकची रचना तयार केली आणि १९२१ साली अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग गाडीत ती चारही चाकांना बसवण्यात आली; तथापि दट्ट्याभोवतीच्या कातडी वाट्या पाझरत असत आणि क्रायस्लरच्या अभियंत्यांनी त्यांच्या जागी रबरी वाट्या आणल्यानंतरच, म्हणजे १९२४च्या सुमारास, ही रचना सामान्य गाड्यांत रुळली. पुढे यंत्रणेचे दोन स्वतंत्र भाग करण्याची पद्धत आली. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत एक भाग पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक सांभाळतो, तर दुसरा उरलेली दोन चाके सांभाळतो, त्यामुळे एक नळी फुटली तरी निम्मा ब्रेक शिल्लक राहतो. या सोयीची एक अडचणही आहे. पेडल थोडे खोल जात असूनही गाडी थांबते, म्हणून गळतीची पहिली खूण पुष्कळदा मनावर घेतली जात नाही.

मूळ कारखान्यातून येणारी नळी पोलादी असते. तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी स्वतःभोवती दोनदा गुंडाळून, भट्टीत तापवून, तांब्याच्या झाळणाने एकजीव केली की ही दुहेरी भिंतीची नळी तयार होते. तिचा बाहेरचा व्यास ४.७५ मिलिमीटर आणि भिंतीची जाडी सुमारे ०.७ मिलिमीटर असते. दाबाखाली ती सहसा फुटत नाही, तिला संपवतो तो गंज. पारसिकच्या डोंगररांगा आणि ठाण्याची खाडी यांच्यामधल्या पट्ट्यात वसलेल्या नवी मुंबईत गंजाला लागणारे सर्व साहित्य बारमाही हाताशी असते. खाडीवरून येणारी खारी दमट हवा आहे, पावसाच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आहे, आणि भुयारी मार्गांत व सखल सेक्टरांत साचलेल्या पाण्यातून गाडी काढणे अनेकांना चुकत नाही. नळी सर्वत्र सारखी गंजत नाही, ही बाब तपासणीच्या वेळी विशेष लक्षात घ्यावी लागते. गाडीच्या तळाला नळी धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या चिमट्यांत चिखल अडकून राहतो, तो लवकर वाळत नाही, आणि बाकीची नळी धडधाकट दिसत असताना नेमकी चिमट्याआडची जागा पोखरली जाते. चिमटा उघडल्याशिवाय ती दिसत नाही.

अशी नळी बदलण्याची वेळ आली की कंपनीचा मूळ भाग मागवायचा की बाजारातली नळी बसवायची, हा प्रश्न पुढे येतो. जुन्या मॉडेलचा भाग मिळेनासा झालेला असतो, मिळाला तरी बोनेटपासून मागच्या चाकापर्यंतची लांब वळणदार नळी इंधनाची टाकी किंवा मागचा आस खाली उतरवल्याशिवाय बसत नाही, म्हणून बाजारातल्या नळीकडे ओढा वाढतो. या नळ्या मुख्यतः तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार सरळ पोलादी नळीचा असून ती जागेवर वाकवून बसवली जाते. दुसरा तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूच्या नळीचा आहे. तिच्यात सुमारे दहा टक्के निकेल असते, ती हाताने वाकते आणि गंजत नाही, म्हणून व्होल्वोसारख्या कंपनीने १९७०च्या दशकापासूनच ती आपल्या गाड्यांत वापरली. तिसरा प्रकार चाकाजवळच्या लवचीक होजचा आहे: आत टेफ्लॉनची नळी आणि बाहेरून स्टेनलेस स्टीलच्या तारांची विणलेली जाळी. शुद्ध तांब्याची नळी मात्र या यादीत येत नाही, कारण सततच्या थरथरीने तांबे कडक होत जाते आणि शेवटी त्याला चीर पडते.

नवी मुंबईच्या बाबतीत येथे एक स्थानिक गुंता आहे. एपीएमसी बाजार, न्हावा-शेव्याचे बंदर आणि कळंबोलीचा लोखंड बाजार यांच्यामुळे हे शहर ट्रकचे शहर आहे आणि ट्रकदुरुस्तीची कारागिरी येथे चांगली मुरलेली आहे. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, त्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला आठ किलोच्या आसपास असतो, आणि तेवढ्या दाबाला फेरूलचा जोड, म्हणजे नळीवर सरकवलेली छोटी पितळी कडी नटाने आवळून केलेला जोड, अगदी योग्य असतो. दुसरीकडे शीतगृहे आणि एसीची कामे करणारे कारागीर तांब्याच्या नळीचे तोंड एकाच पदरात फाकवून उत्तम जोड करतात आणि पंचवीस-तीस किलोचा दाब तो जोड वर्षानुवर्षे पेलतो. आपापल्या जागी हे दोन्ही जोड निर्दोष आहेत, आणि म्हणूनच मोटारीची गंजलेली नळी मध्येच कापून फेरूलने सांधण्याचा मोह होतो. मोटारीतला दाब ट्रकच्या हवेपेक्षा दहापट असल्याने फेरूलमधून नळी सरकून बाहेर येऊ शकते, आणि ती सरकते तेव्हा पाझर नव्हे तर एका क्षणात अर्धी यंत्रणा रिकामी होते. मोटारीच्या ब्रेकमध्ये फेरूलला अजिबात जागा नाही.

गळती कोठून होते, हे समजण्यासाठी जोडाची रचना जवळून पाहावी लागते. नळीचे टोक विशिष्ट आकारात फाकवलेले असते, त्याला फ्लेअर म्हणतात. नळीवर आधीच सरकवलेला नट आवळला की तो या फ्लेअरला समोरच्या भागातल्या तिरप्या बैठकीवर दाबतो, आणि धातूवर धातू चपखल बसून द्रवाची वाट बंद होते. याचा अर्थ असा की द्रव अडवण्याचे काम आटे करत नाहीत, आटे फक्त दाबून धरतात. नळाच्या कामात आट्यांवर गुंडाळली जाणारी टेफ्लॉनची पांढरी पट्टी ब्रेकच्या जोडावर निरुपयोगी ठरते ती यामुळेच. शिवाय ती घातकही आहे, कारण तिचे तुटलेले धागे द्रवाबरोबर वाहत जाऊन एबीएसच्या, म्हणजे चाके लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, बारीक झडपांत अडकू शकतात. पाझरणाऱ्या जोडावर पट्टी गुंडाळणाऱ्याला गळतीचे कारण कळलेले नाही, असे खुशाल समजावे.

फ्लेअरचे दोन प्रकार मोटारींत सर्रास आढळतात. पहिल्यात नळीची कड आत दुमडून मग ४५ अंशांत फाकवलेली असते, त्याला दुहेरी फ्लेअर म्हणतात. जपानी आणि अमेरिकी धाटणीच्या गाड्यांत तो अधिक दिसतो. दुसऱ्यात टोकाला बुडबुड्यासारखा फुगवटा असतो, त्याला बबल फ्लेअर म्हणतात आणि तो युरोपीय गाड्यांत रूढ आहे. नट दोन्हींचे जवळपास सारखे दिसतात, पुष्कळदा आटेही एकच, १० मिलिमीटर व्यासाचे आणि १ मिलिमीटर अंतराचे असतात, त्यामुळे एकाची नळी दुसऱ्याच्या बैठकीत विनासायास शिरते आणि आवळलीही जाते. तिथे पृष्ठभाग पृष्ठभागावर न बसता केवळ एका बारीक वर्तुळरेषेवर टेकतो, हलक्या दाबाला तो जोड कोरडा राहतो आणि जोराने ब्रेक मारला की घाम फुटतो. शर्यतीच्या गाड्यांसाठी बनलेल्या साहित्याने यात आणखी भर घातली आहे, कारण त्यातला फ्लेअर ३७ अंशांचा असतो; ४५ अंशांच्या नळीवर ३७ अंशांचा जोड आवळला तर आठ अंशांचा फरक कितीही जोर लावला तरी मिटत नाही. खरेदीच्या वेळी जुना तुकडा कापून सोबत नेणे आणि टोकाला टोक लावून पाहणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आकार बरोबर असूनही फ्लेअर पाझरत असेल, तर दोष बहुधा तो बनवण्यात असतो. हॅक्सॉने कापलेली नळी तिरकी कापली जाते आणि तिच्या तोंडाला धातूचा बारीक कूस राहतो. चकतीच्या कटरने नळी काटकोनात कापून, आतली-बाहेरची कड कानसून, आतला कीस फुंकून काढल्याशिवाय फ्लेअर मारू नये. नळी साच्यात गरजेपेक्षा जास्त बाहेर राहिली तर फ्लेअर एका बाजूला झुकतो, कमी राहिली तर कड पातळ होऊन चिरते. चांगल्या फ्लेअरची कड चहूकडे सारखी रुंद असते आणि नखाने चाचपल्यावर कुठेही अडकत नाही. नट आधी नळीवर न चढवताच फ्लेअर मारून मोकळे होणे हा प्रकार अनुभवी हातांकडूनही घडतो आणि त्याला पुन्हा कापण्याशिवाय दुसरा इलाज नसतो.

लवचीक होजचे कॅलिपरकडचे, म्हणजे चाकाशी पॅड दाबणाऱ्या भागाकडचे, टोक वेगळ्या रीतीने बसते आणि घरच्या घरी बदललेल्या नळ्यांपैकी पुष्कळ याच ठिकाणी पाझरतात. या टोकाला एक चपटी गोल कडी असते, तिच्यातून एक पोकळ बोल्ट जातो, त्याला बँजो बोल्ट म्हणतात; द्रव कडीतून बोल्टच्या आडव्या छिद्रात आणि तिथून कॅलिपरमध्ये उतरतो. द्रव अडवण्याचे काम येथे दोन मऊ वायसर करतात, एक बोल्टचे डोके आणि कडी यांच्यामध्ये, दुसरा कडी आणि कॅलिपर यांच्यामध्ये. तांब्याचे किंवा अॅल्युमिनियमचे हे वायसर आवळताना चेपून दोन्ही पृष्ठभागांतले बारीक उंचसखल भाग भरून काढतात, आणि एकदा चेपलेला वायसर दुसऱ्या जागी तसा चेपत नाही. तांब्याचा जुना वायसर लालबुंद तापवून गार केला की पुन्हा मऊ होतो हे खरे आहे, पण नव्याची किंमत पाहता ब्रेकसारख्या जागी ही काटकसर शहाणपणाची नाही. कॅलिपरवर जुना वायसर चिकटून राहिला आणि त्यावरच नवा बसवला, तर एका बाजूला दोन वायसर होतात आणि गळती हमखास होते. गंजाच्या रंगात तो जुना वायसर कॅलिपरचाच भाग असल्यासारखा दिसतो, म्हणून ती जागा तारेच्या ब्रशने नव्हे तर कापडाने आणि नखाने तपासावी, कारण ब्रशच्या ओरखड्यांतूनही द्रवाला वाट मिळते.

बाजारातल्या संचाबरोबर आलेला बोल्ट हा आणखी एक संशयित. १० मिलिमीटरच्याच बोल्टचे आटे काही गाड्यांत १ मिलिमीटर अंतराचे, तर काहींत १.२५ मिलिमीटर अंतराचे असतात. चुकीचा बोल्ट हाताने दोन-तीन फेरे सरळ जातो, मग जड लागू लागतो, आणि तो पान्याने पुढे रेटला की कॅलिपरचे आटे कायमचे जातात. बोल्ट लांबीला जास्त असेल तर फसगत अधिकच बेमालूम होते: तो भोकाच्या तळाला टेकतो, पान्याला नेमका हवा तेवढा ताण लागतो, आणि वायसर मात्र सैलच राहतात. वायसर न घालता बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरवून पाहावा. डोके कडीला टेकण्यापूर्वीच तो थांबला तर तो बोल्ट परत करावा.

पाझर नेमका कोठे आहे हे शोधण्याची रीत साधी असली तरी तिला सबुरी लागते. गाडी जॅकवर नव्हे तर भक्कम स्टँडवर उभी करून, चाके काढून, प्रत्येक जोड ब्रेक क्लीनरने धुऊन पूर्ण कोरडा करावा, कारण नळ्या बसवताना सांडलेले ब्रेक ऑइल आणि आतून आलेले ब्रेक ऑइल दिसायला सारखेच असते. त्यानंतर जोडाभोवती पांढरा टिश्यू कागद गुंडाळून मदतनीसाने इंजिन सुरू ठेवून पेडल मिनिटभर जोराने दाबून धरावे. द्रव खाली ओघळत असल्याने डाग दिसेल त्याच्या वरचा जोड दोषी मानावा. फ्लेअरचा जोड पाझरताना आढळला तर पहिला उपाय आवळणे हा नसून सैल करणे हा आहे: नट एक फेरा सोडून पुन्हा आवळावा आणि असे दोन-तीनदा करावे, म्हणजे नव्या फ्लेअरची कड बैठकीवर घासून जागा धरते. एवढ्यानेही पाझर थांबला नाही तर जोड उघडून फ्लेअर आणि बैठक भिंगाखाली पाहावी. अशा नटांना सहसा १५ न्यूटन-मीटरच्या आसपास ताण पुरतो, नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, आणि त्याच्या दुप्पट जोर लावल्याने पाझर न थांबता फ्लेअर चिरतो. साध्या फिक्स पान्याने या मऊ नटांच्या कडा गोल होतात. त्यासाठी एका बाजूने कापलेला, नळीवरून सरकवता येणारा रिंग पाना वापरावा.

कोठेही डाग नाही, आणि तरी ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी उतरते, असेही घडते. मास्टर सिलिंडरच्या मागच्या वाटीतून द्रव बूस्टरमध्ये जात असेल तर तो बाहेर दिसत नाही. नळ्या बदलल्यावर लगेच हे सुरू झाले तर नळ्यांत शिरलेली हवा काढण्याची रीत तपासावी, कारण रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा दट्ट्या अर्ध्याच अंतरापर्यंत जातो आणि पुढच्या न वापरलेल्या भागात गंजाचे थर साचतात. हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबले की रबरी वाट्या त्या खडबडीत भागावरून घासून फाटतात. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला तर हे टळते. पेडल मऊ लागणे आणि पेडल हळूहळू खाली बसत जाणे यांतला फरकही ओळखता आला पाहिजे: पहिल्यात आत हवा राहिलेली असते, दुसऱ्यात द्रव बाहेर किंवा वाटीच्या पलीकडे जात असतो. भारतात नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाल्यानंतरच्या गाड्यांत नळ्या पूर्ण रिकाम्या झाल्या, तर एबीएसच्या पंपात अडकलेली हवा काढायला पुष्कळदा स्कॅनर जोडावा लागतो, म्हणून काम चालू असताना टाकी कोरडी पडू न देणे हेच श्रेयस्कर.

ब्रेक ऑइल हे नावापुरतेच तेल आहे; डॉट ३ आणि डॉट ४ हे द्रव ग्लायकॉल वर्गातले असून ते हवेतला ओलावा शोषतात. नवा डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतो, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हा आकडा १५५ पर्यंत उतरलेला चालतो, आणि खाडीकाठच्या हवेत झाकण नीट न लावलेला डबा महिनाभर ठेवून मग वापरणे म्हणजे बोरघाट उतरताना द्रव उकळण्याची तजवीज करणे होय. उकळलेल्या द्रवाची वाफ दाबली जाते, पेडल तळाला जाते, आणि नळी कितीही उत्तम असली तरी उपयोग होत नाही.

जाळीच्या होजच्या लाभाविषयी बाजारात जेवढे बोलले जाते तेवढा लाभ तिच्यात नाही. रबरी होज दाबाखाली किंचित फुगते, जाळीची फुगत नाही, म्हणून पेडल घट्ट लागते. परंतु गाडी थांबण्याचे अंतर टायर, पॅड आणि रस्ता ठरवतात. उलट ही जाळी ज्याला घासेल त्याला कानशीसारखी झिजवते, आत शिरलेली बारीक रेती टेफ्लॉनला घासत राहते आणि आतला बिघाड बाहेरून दिसत नाही. ती बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून आणि चाक लोंबते व दाबलेले अशा दोन्ही स्थितींत होजला पीळ, ताण किंवा घर्षण नाही ना हे पाहावेच लागते. पामबीच रोड आणि सायन-पनवेल महामार्गावर रोज चालणाऱ्या गाडीला चांगल्या प्रतीची नवी रबरी होज आणि तळाला तांबे-निकेलची नळी हाच संच अधिक योग्य आहे. धोकादायक स्थितीतले वाहन रस्त्यावर आणणे हा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० खाली गुन्हा ठरतो, आणि पाझरता ब्रेक ही अशीच स्थिती आहे.

काम पूर्ण झाल्यावर पहिली फेरी रिकाम्या जागी पायी चालण्याच्या वेगाने घ्यावी, जोड दुसऱ्या दिवशी सकाळी आणि पुन्हा पंधरवड्याने पाहावेत. काढलेला जुना द्रव गटारात ओतू नये: तो पाण्यात पूर्ण मिसळतो, नवी मुंबईचे नाले धारण तलावांतून खाडीत जातात, आणि २०२२ पासून रामसर यादीत असलेले ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य त्याच पाण्यावर आहे. बंद बाटलीत भरून तो गॅरेजमधील वापरलेल्या तेलाच्या संकलनाकडे द्यावा, मात्र इंजिन ऑइलच्या पिंपात मिसळू नये, कारण त्यामुळे ते तेल पुनर्प्रक्रियेला निकामी होते.